नेट असा, पण मेल येऊक नाय

घरातला कॉम्प्युटर चालू, वायफायची खूण पूर्ण भरलेली, व्हॉट्सॲपवर फोटो धडाधड येतायत, आणि मेल मात्र कालपासून एक नाही. अशा वेळी पिंगुळीत काय किंवा कुडाळात काय, दोनच उपाय होतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचा, नाहीतर केबलवाल्याला फोन लावायचा. पहिल्या उपायाने अधूनमधून काम होतं, पण का झालं ते कळत नाही, म्हणून पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच असतो. दुसऱ्या उपायाने माणूस येतो, मोबाइलवर यूट्यूब लावून दाखवतो, ‘तुमचा नेट चालू असा’ म्हणतो आणि निघून जातो. तो खोटं बोलत नसतो. त्याची तार ठीक असते. बिघाड दुसरीकडेच असतो.

मेल तुमच्या पडद्यावर यायचा तर तार शाबूत हवी, मेलच्या सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सापडायला हवा, तुमचं खातं धड हवं आणि मेल वाचायचा प्रोग्राम नीट जोडलेला हवा. यातलं नेमकं काय अडलंय ते आधी ठरवा, हात नंतर लावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार सेटिंग एकदम बदलली आणि मेल आला, तर आनंद होतो खरा, पण चारांतली कोणती तीन उगाच बिघडवली ते कधीच कळत नाही.

तारेपासून सुरुवात करायची, कारण ती तपासायला सगळ्यात कमी वेळ लागतो. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या डब्यावर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ अशा नावांचे दोन दिवे असतात. पॉन स्थिर पेटलेला हवा. लॉस लाल झाला तर बाहेरून प्रकाशच येत नाही असं समजा. कुठेतरी फांदी पडली असेल, जेसीबीने केबल ओढली असेल, किंवा डब्यामागची बारीक केबल कपाट सरकवताना दुमडली असेल. तिच्या पोटात काच आहे, घट्ट मुडपली की प्रकाश अडतो. ती अलगद सरळ करून पाहा. तरीही दिवा लालच राहिला तर फोन करा आणि कॉम्प्युटरपासून लांब राहा. प्लॅनची मुदत संपली नाही ना, तेही याच वेळी बघून घ्यावं. ती संपली की सगळे दिवे हिरवे असतात आणि पान मात्र एक उघडत नाही. जाता जाता एक: गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा प्लग काढायची आपल्याकडची सवय राउटरलाही लावा. काचेतून वीज येत नाही, पण अडॅप्टरच्या तारेतून येते, आणि राउटरमधून कॉम्प्युटरला जाणाऱ्या नेटवर्क केबलमधून पुढेही जाते.

मग त्याच वायफायवर दुसरं यंत्र लावून बघा. बहुतेक घरांत हे दुसरं यंत्र म्हणजे फोन, आणि इथे हमखास फसगत होते. वायफाय अडखळलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं, वायफाय उत्तम चाललंय. आधी फोनचा डेटा बंद करा, मग तपासा. फोनवर सगळं चाललं आणि कॉम्प्युटरवर नाही, तर शोध कॉम्प्युटरपुरता उरला.

आता नावांची भानगड. इंटरनेटवरच्या प्रत्येक सर्व्हरचा पत्ता म्हणजे एक आकडा असतो, आपण लिहितो ते नाव. नावावरून आकडा शोधून देणारी जी जगभरची व्यवस्था आहे तिला डीएनएस म्हणतात. कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने एखाद्याच्या घरी जायचं असेल तर आपण सातबाऱ्याचा नंबर सांगत नाही, घरवाल्याचं नाव सांगतो. रिक्षावाल्याला घर ठाऊक नसेल तर तो तिठ्यावरच्या दुकानात विचारतो. दुकानदार वाडी सांगतो, वाडीत कुणीतरी घर दाखवतं. पुढच्या वेळी रिक्षावाला विचारत नाही, थेट नेतो. आणि मधल्या काळात घर बदललं असेल तर बिनदिक्कत जुन्याच अंगणात नेऊन सोडतो. डीएनएसचं असंच चालतं: आधी मूळ सर्व्हर, त्याने सांगितलं की ‘इन’ किंवा ‘कॉम’ची यादी सांभाळणारा, त्याने सांगितलं की त्या नावाचा स्वतःचा सर्व्हर. मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवलं जातं, आणि घोळ बहुतेक वेळा त्या लक्षात ठेवण्यातच असतो.

ही व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आखली. तोवर सगळ्या नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी एका फाइलमध्ये असे. ती कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. ती फाइल मेलेली नाही. तुमच्या विंडोजमध्ये आजही ‘होस्ट्स’ नावाची तिची नात आहे: विंडोज फोल्डरात सिस्टिम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. कॉम्प्युटर बाहेर विचारण्याआधी या फाइलमधल्या नोंदी धरतो. एखादी पायरेटेड सॉफ्टवेअरची सीडी किंवा व्हायरस तिथे दोन ओळी घालून गेला, तर तेवढ्या दोनच साइट्स कायमच्या बंद होतात आणि बाकी जग सुरळीत चालतं. नोटपॅडने उघडून बघा. ज्या ओळींच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह आहे त्या निरुपद्रवी. त्याशिवायची अनोळखी ओळ दिसली तर ती कुणी घातली याचा विचार करा.

तार आणि नाव वेगळं काढायची चाचणी अगदी सोपी आहे. खालच्या शोधपट्टीत ‘सीएमडी’ ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. ती पाहून लोक उगाच घाबरतात. इथे सांगतोय त्या आज्ञांनी काहीही पुसलं जात नाही. ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून, ८.८.८.८ टाइप करा (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी) आणि एंटर. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे, २००९ पासून चालू असलेला. ‘रिप्लाय फ्रॉम’ अशा चार ओळी आल्या तर तुमच्या घरापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट मोकळी आहे. आता तीच आज्ञा आकड्याऐवजी एखाद्या परिचित साइटचं नाव घालून द्या. ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ असं आलं, म्हणजे आकड्याने जाता येतंय पण नावाने येत नाही, तर डीएनएस अडलाय. ब्राउझर हीच गोष्ट ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड’ अशा अगम्य भाषेत सांगत असतो. नाव लिहिल्यावर खाली आकडा उमटला पण ‘टाइम्ड आउट’ झालं, तर मात्र डीएनएसला दोष देऊ नका. नाव सापडलंय. काही सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

आकड्यालाही उत्तर नसेल तर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या आणि ‘आयपीव्ही ४ ॲड्रेस’ची ओळ वाचा. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने कॉम्प्युटरला पत्ताच दिलेला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच काहीतरी नाव घेऊन बसावं तसा तो आकडा आहे. इथे राउटर बंद-चालू करणं हा खरोखरच योग्य उपाय. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या.

डीएनएस अडलाय हे नक्की झालं, तर ‘एनएसलुकअप’ ही आज्ञा कामाला येते. तिच्यापुढे साइटचं नाव लिहिलं की नेहमीच्या डीएनएस सर्व्हरचं उत्तर येतं. नावापुढे जागा सोडून ८.८.८.८ लिहिलं की तोच प्रश्न गूगलच्या सर्व्हरला जातो. पहिल्याला उत्तर नाही आणि दुसऱ्याला आहे, तर तुम्हाला इंटरनेट देणाऱ्याचा किंवा राउटरचा डीएनएस बंद आहे, आणि हे तुम्ही केबलवाल्याला ठामपणे सांगू शकता. दोघंही ‘नॉन-एग्झिस्टंट डोमेन’ म्हणतात, तर एकतर स्पेलिंग चुकलंय किंवा ते नावच आता नोंदलेलं नाही. दोघंही बरोबर आकडा देतात पण पिंग भलत्याच आकड्याकडे जातंय? तर जुनी आठवण किंवा होस्ट्स फाइल. एनएसलुकअप या दोहोंना बगल देऊन थेट सर्व्हरला विचारतं, पिंग तसं करत नाही. आठवण पुसायची आज्ञा अशी: ‘आयपीकॉन्फिग’, एक जागा, तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘फ्लशडीएनएस’.

नेहमीचा सर्व्हरच दगा देत असेल तर दुसरा लावता येतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमचं वायफाय किंवा इथरनेट, आणि त्यात ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’समोरचं एडिट. मॅन्युअल निवडा, आयपीव्ही ४ चालू करा, पहिल्या रकान्यात ८.८.८.८ आणि दुसऱ्यात ८.८.४.४ लिहा. क्लाउडफ्लेअरचे १.१.१.१ आणि १.०.०.१ हेही चांगले आहेत. माझं मत विचाराल तर आधी कॉम्प्युटरवर बदला, राउटरवर नको. चुकलं तर एकच यंत्र अडेल, घरातला टीव्ही आणि सगळ्यांचे फोन अडणार नाहीत. एक खबरदारी घ्या: काही ठिकाणी मुदत संपल्यावर पैसे भरायचं पान इंटरनेट देणाऱ्याच्याच डीएनएसमधून समोर येतं. तुम्ही बाहेरचा सर्व्हर लावलात तर ते पान कदाचित दिसणार नाही. म्हणून आधीचं सेटिंग कागदावर टिपून ठेवा.

ब्राउझरमध्ये सगळं उघडतं पण आउटलुक किंवा थंडरबर्ड ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणतं, ही तक्रार अलीकडे बरीच ऐकू येते. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ अशी सोय आहे. ती चालू असेल तर ब्राउझर स्वतःच्या वेगळ्या सर्व्हरला नावं विचारू शकतो, आणि मेलचा प्रोग्राम मात्र विंडोजमधल्या सर्व्हरला. ब्राउझरचं चाललं म्हणून डीएनएस ठीक, असं म्हणता येत नाही. तपासणी नेहमी काळ्या खिडकीतून करा.

भलताच डीएनएस लावून ठेवण्याचा धंदा करणारेही होते. ‘डीएनएस चेंजर’ नावाच्या व्हायरसने जगभरातल्या चाळीस लाखांच्या आसपास कॉम्प्युटरांचं डीएनएस सेटिंग बदलून ते आपल्या सर्व्हरकडे वळवलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ती टोळी पकडली. पण ते सर्व्हर तडकाफडकी बंद केले असते तर एवढ्या सगळ्यांचं इंटरनेट गेलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर लावून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले गेले. त्या दिवसानंतर ज्यांनी कॉम्प्युटर साफ केला नव्हता त्यांच्या तारा शाबूत राहिल्या आणि नावं सापडेनाशी झाली. तुमच्या सेटिंगमध्ये तुम्ही न लिहिलेला, अनोळखी डीएनएस दिसला तर तो गांभीर्याने घ्या, आणि राउटरचा ‘ॲडमिन’ हा आयता पासवर्ड अजून तसाच असेल तर आज बदला.

कधी कधी तुमच्याकडे काहीच बिघडलेलं नसतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकदम बंद पडले, ते जवळजवळ सहा तास. फेसबुकच्या स्वतःच्या नेटवर्कमध्ये देखभालीच्या वेळी चूक झाली आणि त्यांचे डीएनएस सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले. त्या रात्री किती राउटर उगाच बंद-चालू झाले असतील! शेजाऱ्याला, मुंबईच्या भावाला एक फोन करून विचारलं तर बरीच मेहनत वाचते.

गणपतीत किंवा मे महिन्यात उघडणाऱ्या घरांची एक खास तक्रार आहे. चाकरमानी येतात, वर्षभर बंद असलेला कॉम्प्युटर लावतात. नेट जोडलेलं असतं, नावंही सापडतात, पण प्रत्येक साइटवर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो आणि मेलचा प्रोग्राम सर्टिफिकेटची कुरकुर करतो. लोक अँटिव्हायरस काढतात, विंडोज नव्याने टाकतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात बघा: तारीख दहा वर्षं मागची असते. मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्याहून जाड अशी ‘सीआर २०३२’ नावाची बॅटरी असते. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की घड्याळ मागे जातं, आणि साइटचं सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही असा कॉम्प्युटरचा समज होतो. तारीख दुरुस्त करा, बॅटरी बदला. तीन व्होल्टची ही बॅटरी घड्याळवाल्याकडेही मिळते.

इथवर सगळं ठीक असेल तर प्रश्न मेलच्या खात्याचा. ब्राउझरमधून थेट खात्यात जा. मेल तिथे आहेत, तर प्रोग्रामचं बघायचं. तिथेही नाहीत, तर प्रोग्रामशी झटापट करण्यात अर्थ नाही. आधी खात्यातली जागा भरलीय का ते बघा. जीमेलची फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत वाटलेली आहे. १ जून २०२१ पासून फोनवरून चढणारे फोटोही तिच्यात मोजले जातात. गणपतीच्या आरतीचे, शिगम्याचे, दशावताराचे व्हिडिओ चढत राहतात आणि एक दिवस बाहेरून आलेला मेल ‘खातं भरलंय’ म्हणून परत जातो. तुम्हाला काही कळत नाही, पाठवणाऱ्याला कळतं. म्हणून त्याला परत आलेला निरोप जसाच्या तसा मागवा. त्यात तीन आकडी कोड असतो: ४ ने सुरू झाला तर अडचण तात्पुरती, पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करेल, ५ ने सुरू झाला तर कायमची. ५५० आणि सोबत ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, बहुधा टायपिंगची चूक. फिल्टर आणि फॉरवर्डिंगही उघडून पाहा. तुमचे मेल परस्पर दुसऱ्याच पत्त्याकडे वळत असतील, तर पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागलाय.

प्रोग्राममध्ये पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ ठरत असेल, तर जुनी पद्धत बंद झाल्याचा तो परिणाम आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने व्यक्तिगत खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रामला आत घेणं थांबवलं. खातं प्रोग्राममधून काढून ‘साइन इन विथ गूगल’ने पुन्हा जोडा. प्रोग्राम फारच जुना असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. पोर्टचे आकडे तपासा: मेल घेण्यासाठी आयमॅप ९९३, पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५. जुन्या सेटिंगमधला २५ घरगुती कनेक्शनवर बहुतेक ठिकाणी अडवलेला असतो, म्हणून मेल येतात पण जात नाहीत.

मेल घेण्याची पॉप ही पद्धत शक्यतो सोडाच. गावच्या कॉम्प्युटरवर पॉप लावलेलं असतं, तो सुरू झाल्याबरोबर सगळे मेल खाली उतरवतो आणि सर्व्हरवरून काढून टाकतो. मालक मुंबईला परततो आणि तिथे इनबॉक्स रिकामा. मेल चोरीला गेलेले नसतात, पिंगुळीच्या बंद घरात असतात. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, दोन्हीकडे दिसतात.

राहिला स्वतःच्या डोमेनचा विषय. पिंगुळीच्या गुढीपूरमध्ये ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जपली आहे. २०२१ मध्ये या कलेसाठी इथल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हापासून या गावाचं नाव दूरवर गेलं. अशा गावात एखाद्या कलाकाराने, काजूवाल्याने किंवा घरगुती निवास चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाचं डोमेन घेणं शहाणपणाचंच. मात्र त्या नावामागे वेबसाइट आणि मेल यांच्या वेगवेगळ्या नोंदी असतात. मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा हे ‘एमएक्स’ नोंद सांगते. नवी वेबसाइट करणारा नेमसर्व्हर बदलतो, वेबसाइटची नोंद घालतो, एमएक्स घालायला विसरतो. साइट झकास दिसते आणि चौकशीचे मेल त्याच दिवसापासून बंद. तपासायला एनएसलुकअपपुढे जागा सोडून वजा चिन्ह, त्याला चिकटून ‘टाइप’, बरोबरचं चिन्ह आणि ‘एमएक्स’, मग जागा सोडून तुमचं डोमेन लिहा. उत्तरात मेल सर्व्हरचं नाव नाही, तर साइट करणाऱ्याला तिथल्या तिथे दाखवा. ‘अठ्ठेचाळीस तास थांबा’ हे उत्तर सरसकट मान्य करू नका. प्रत्येक नोंदीबरोबर ती किती सेकंद लक्षात ठेवायची ते लिहिलेलं असतं. ३,६०० असेल तर तासाभरात फरक दिसायला हवा. आणि नोंदच घातली नसेल तर महिनाभर थांबूनही काही होणार नाही. तुमचे मेल इतरांच्या स्पॅममध्ये जात असतील तर मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या ‘एसपीएफ’ आणि ‘डीकिम’ या नोंदी मागा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत कडक धोरण घेतलंय.

यातलं काही करताना सर्च करून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर फोन करू नका. पलीकडचा माणूस स्क्रीन बघायचं ॲप टाकायला सांगेल किंवा ओटीपी मागेल. पैसे गेलेच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवा.

स्वतःचं डोमेन असेल तर हे वाचून झाल्यावर दोन गोष्टी बघाच. नोंदणी तुमच्या नावावर आहे की साइट करून देणाऱ्या मुलाच्या? आणि नूतनीकरणाची आठवण देणारा मेल कुठल्या पत्त्यावर येतो? तो त्याच डोमेनवरचा असेल तर मुदत संपल्यावर येणारी शेवटची सूचना तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. तिथे दुसरा पत्ता आणि चालू मोबाइल नंबर आजच घाला.